किनाऱ्यावरचे 'राक्षस'

संपादक महोदय,

पावसाळा आला की 'जुहूला विचित्र प्राणी सापडला' असे व्हिडिओ फिरू लागतात. त्यांत दिसणारे निळे फुगे बहुतेक वेळा ब्लूबॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे समुद्री जीव असतात. किनाऱ्यावर मरून पडले तरी त्यांचे दोरे डंख मारतात. सेल्फीसाठी हात लावू नका, एवढं तरी त्या व्हिडिओत सांगा की! जानेवारी २०१६मध्ये जुहूला सुमारे ३५ फुटी मृत देवमासा लागला होता. असं धूड पाण्यात कुजत राहिलं की कातडी सुटते, तंतू लोंबू लागतात आणि लोकांना केसाळ राक्षस दिसतो.

मुळात मुंबईसमोरचा भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा समुद्रतळाचा उथळ पट्टा, शेकडो किलोमीटर रुंद, त्यामुळे समुद्र उथळ. खोल पाण्यातले जीव इथे सहसा येत नाहीत. खोल समुद्रात नवल उरलेलं नाही असं मात्र नव्हे. नामशेष मानलेला सीलाकांथ मासा १९३८मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलाच. उलट १९९७मध्ये प्रशांत महासागरात टिपलेला 'ब्लूप' हा आवाज अजस्र प्राण्याचा नसून बर्फ फुटण्याचा निघाला. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

अशी बातमी छापण्याआधी वर्सोव्याच्या कोळ्यांना आणि तिथल्याच केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतल्या तज्ज्ञांना एकदा विचारावं, ही विनंती.

— एक वाचक, अंधेरी, मुंबई