24 फ्रेटचाच बेस कशाला?

मा. संपादक,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत मुलांसाठी वाद्य कसं घ्यावं यावर आलं होतं, बाकी सगळं पटलं, पण बेस गिटारला (गाण्याचे खालचे, जाड सूर वाजवणारी गिटार) दोनच ओळी आणि त्यातली एक म्हणजे "शक्यतो 24 फ्रेटचा घ्यावा, रेंज जास्त मिळते". फ्रेट म्हणजे आपल्या सतारीचा पडदा, फक्त इथे तो सरकत नाही, आणि रेंज म्हणजे सुरांचा पल्ला. अहो त्या एका ओळीने माझ्या भाच्याचं डोकं फिरलंय म्हणून हे पत्र. पोरगा ऐरोलीला राहतो, बारावी झाली म्हणून ताईने बेस कबूल केलाय, त्यात दुकानदारानेही सांगून टाकलं की 20 वाला बिगिनरचा आणि 24 वाला प्रो लोकांचा. झालं! आता मामाचं कोण ऐकतो.

मामा म्हणजे मी. कळव्याला राहतो, नोकरी सांभाळून ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, गणपती, नवरात्र, सोसायटीची पूजा, हळद, जे येईल ते. इतक्या वर्षांत माझा हात बाराव्या फ्रेटच्या पुढे गेला असेल तर तो घाम पुसायलाच.

जास्तीचे फ्रेट येतात ते सगळे वरच्या टोकाला, म्हणजे उंच सुरांच्या बाजूला. 20 फ्रेटच्या चार तारी बेसवर बारीक तारेचा शेवटचा सूर येतो काळी दोन (सूर पेटीच्या पट्ट्यांच्या नावाने सांगतोय). 21 असतील तर पांढरी तीन, म्हणजे सगळ्यात जाड मोकळ्या तारेपासून मोजलं तर बरोब्बर तीन सप्तकं पूर्ण. 24 ला पांढरी पाच. म्हणजे चार फ्रेट वाढवून नवीन सूर मिळाले चार, तेही एकाच तारेवर, कारण बाकीच्या तारांवर वर जे येतं ते शेजारच्या तारेवर आधीच असतं. लिओ फेंडरने 1951 ला प्रिसिजन बेस काढला तो 20 फ्रेटचा, 1960 चा जॅझ बेस पण 20 चाच, आणि आजही स्टेजवर बघा, निम्मे लोक त्याच घडणीचे बेस गळ्यात घालून उभे असतात.

खरी अडचण वर नाहीच, खाली आहे. आमचा गायक काळी दोनमध्ये गातो. चार तारी बेसची सगळ्यात खालची मोकळी तार पांढरी तीन, म्हणजे त्याचा सा अगदी एका सुराने हुकतो, मग मी तिच्या शेजारच्या ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर वरचा सा धरून बसतो आणि गाण्याचा पायाच उचलला जातो. पाच तारी बेस असेल तर त्यातल्या जास्तीच्या जाड बी तारेचा चौथा फ्रेट दाबला की तोच सा खालून असा गुरगुरत येतो की पहिल्या रांगेतले काका मागे वळून स्पीकर शोधतात. पैसे घालायचेच तर तिथे घाला ना.

आणि 24 फ्रेटचा तोटाही असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी एकदा हौसेने घेतला तसला बेस. स्लॅप करताना अंगठा मारून बोटाने तार ओढायची असते, त्याला फ्रेटबोर्डच्या (फ्रेट बसवलेल्या पट्टीच्या) शेवटाला मोकळी जागा लागते आणि माझं बोट सारखं लाकडावर नाहीतर पिकअपवर (तारांचा आवाज उचलणाऱ्या चुंबकावर) आपटायचं. शेवटी घरी टेप लावून मोजलं. 34 इंच स्केलच्या, म्हणजे तारेची वाजती लांबी 34 इंच असलेल्या बेसवर 24वा फ्रेट ब्रिजपासून (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथून) साडेआठ इंचावर येतो, 20वा येतो साधारण 10.7 वर. सव्वादोन इंच गेले हो! त्यात पिकअपही ब्रिजकडे सरकवावं लागतं, मग आवाजाचा तो गुबगुबीतपणा कमी होतो. तो बेस सहा महिन्यांत विकला, किती घाटा झाला ते बायकोला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा माझं नाव छापू नका.

24 वाईट असं म्हणत नाही. ज्याला सोलो वाजवायचाय, टॅपिंग (बोटांनी फ्रेटवर ठोकून वाजवणं) करायचंय, वरच्या सुरांत कॉर्ड (एकदम दोन-तीन सूर) लावून धून काढायचीय त्याने 24 च घ्यावा, तिथे 20 खरंच अपुरे पडतात. पण दुकानात खुर्चीवर बसून शेवटच्या फ्रेटपर्यंत बोट पोचतंय का ते बघा, कारण काही मॉडेलात मान बॉडीला जिथे जुळते तिथला लाकडाचा ठोकळा एवढा जाड असतो की वरचे चार फ्रेट नुसते शोभेला. शिवाय बोट ठेवायला पहिल्या फ्रेटला जवळजवळ 1.9 इंच जागा आणि 24व्याला जेमतेम अर्धा इंच, जाड बोटांच्या माणसाने काय करावं तिथे? आणि हात लहान असेल तर फ्रेट मोजण्याआधी 30 इंची शॉर्ट स्केल (आखूड तारांचा बेस) वाजवून बघा, खांदा दुवा देईल.

तेव्हा पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापाच. मी परवा भाच्याला घेऊन टेपसकट दुकानात गेलो होतो, दुकानदाराला वाटलं आम्ही सुतार. 21 फ्रेटचा पाच तारी एक पसंत करून आलोय, ताई म्हणते आधी कॉलेजची फी भरू दे.

आपला,
एक बेसवाला, कळवा