आल्मेरियातल्या त्या दोन काकांचे आभार

स्पेनच्या आल्मेरिया प्रांतात, सान होसे गावातून मोन्सुलच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर आमची गाडी पंक्चर झाली. स्टेपनीतही हवा नाही. निघताना तपासली नव्हती, चूक माझीच. मागून आलेले दोघे काका थांबले. एकाने डिकीतून पंप काढला, दुसऱ्याने आईला सावलीत बसवून टोमॅटो चिरून, वर मीठ भुरभुरवून दिला. (आदल्याच दिवशी ताबेर्नासचे उघडेबोडके डोंगर पाहिलेले, आणि त्याच प्रांतात इतका रसाळ टोमॅटो!) पैसे घेईनात. 'ग्रासियास' एवढंच येत होतं, तेच दहादा म्हटलं. नावं विचारायची राहूनच गेली. संध्याकाळी मोन्सुलच्या ज्वालामुखी खडकापाशी आई पाण्यात पाय सोडून निवांत बसली होती. काका, तुमच्यामुळे. मनापासून आभार.