डावाचा शेवट शिकवा

महोदय,

दिव्या देशमुखने २०२५मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या नागपुरातले बुद्धिबळवर्ग गजबजलेत. आनंदच आहे. पण नातीच्या वर्गात सिसिलियन बचावाच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, चाली घोकून घेतात. पटावर हत्ती-प्यादीच उरल्यावर डाव कसा संपवायचा, ते कुणी दाखवतच नाही. परवा हातातला डाव तिने तिथेच बरोबरीत सोडला. ल्युसेनाची स्थिती होती, हत्ती-प्याद्याचा हमखास जिंकायचा शेवट! हत्ती चौथ्या रांगेत आणायचा, मग शहांपासून राजाला त्याचाच आडोसा. मीच घरी पट मांडला.

पालकांनाही विनंती. डाव संपताच मोबाइलवर चाली तपासणारं इंजिन लावू नका. कुठे अडलं ते मुलांना आधी स्कोअरशीटवरून, म्हणजे चालींच्या नोंदीवरून, स्वतः सांगू द्या. आणि दोन फेऱ्यांमध्ये, घास तोंडात असताना, ‘तो घोडा का हलवलास?’ हे तर मुळीच नको.

– एक आजोबा, नागपूर