बाबा, तो शिवी देत नव्हता

मेलबर्न,
जुलैअखेर

ती. आई व ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी व्हिडिओ कॉल चालू असताना माझा हात तव्याला लागला आणि तोंडातून जे गेलं, ते तुम्ही दोघांनी ऐकलंत. आई "अगं!" म्हणाली. बाबा, तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात. मग पाच मिनिटं आपण पावसापाण्याचं बोललो आणि फोन ठेवला. समोरासमोर मला हे सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

खरं तर हा विषय तुम्ही इथे होतात तेव्हापासूनचाच राहिलाय. गरम पाण्याची टाकी बिघडली तेव्हा शेजारचे प्लंबर आजोबा भर पावसात आले, तासभर खटपट केली, एक पैसा घेतला नाही. आईने दिलेली पुरणपोळी उभ्याउभ्याच खाल्ली. आणि निघताना तुमच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "यू लकी ओल्ड बास्टर्ड!" तुम्ही हसलात, पण संध्याकाळचा चहा घेतला नाहीत. रात्री आईला म्हणालात, "सरळ माझ्या आईपर्यंत गेला तो माणूस." इथल्या भिंती पातळ आहेत, बाबा.

तुम्ही तीस वर्षं इंग्रजी शिकवलंत. तर्खडकरांपासून सगळं पाठ. त्यामुळे तुमच्या डोळ्यांपुढे शब्दकोशातला अर्थ आला, अनौरस. पण आजोबा जे म्हणाले त्याचा अर्थ एवढाच, की लेका, काय नशीबवान आहेस, घरात रोज असलं खायला मिळतं! इथे त्या शब्दाचा सगळा भार त्याच्या आधीच्या विशेषणावर असतो. 'पुअर बास्टर्ड' म्हणजे बिचारा. 'क्लेव्हर बास्टर्ड' म्हणजे डोकेबाज. आणि एखादा बोल्ट दोन तास निघत नसेल, तर ते काम 'बास्टर्ड ऑफ अ जॉब', मग त्याच्या आईबापाचा संबंधच येत नाही. विशेषण नसेल आणि माणूस हसत नसेल, तर मात्र ती शिवीच.

यावर तुम्ही कुंबळेचं नाव काढणार, मला ठाऊक आहे. जानेवारी 2008. सिडनी टेस्टसाठी तुम्ही पहाटे पाचला उठून बसायचात आणि मला अभ्यासाला उठवल्याचं निमित्त करायचात. हरभजनने सायमंड्सला 'मंकी' म्हटल्याच्या आरोपाचं प्रकरण सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण त्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅड हॉगने कुंबळे आणि धोनीला उद्देशून हाच शब्द वापरला, म्हणून आपल्या संघाने तक्रार केली होती. ऑस्ट्रेलियातल्या पुष्कळांना कळेचना, की यात तक्रार करण्यासारखं काय आहे. आणि आपल्याकडे कुणाला कळेना, की यांना हे कळत कसं नाही. शेवटी पर्थच्या टेस्टआधी कुंबळेनेच तक्रार मागे घेतली. ती टेस्ट आपण 72 धावांनी जिंकलो, हे लिहायची गरज नाही, तरी लिहिते.

गंमत पुढे आहे. हरभजनच्या अपिलाची सुनावणी ॲडलेडला झाली, न्यूझीलंडचे एक न्यायमूर्ती बसले होते, सचिनने साक्ष दिली. आपल्या बाजूचं म्हणणं काय, तर तो 'मंकी' म्हणालाच नाही, 'तेरी माँ की' म्हणाला. वंशद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही, तीन सामन्यांची बंदी जाऊन निम्म्या मानधनाच्या दंडावर भागलं. म्हणजे बघा, जे आपण 'बास्टर्ड' ऐकून घेत नव्हतो, त्यांनीच आईवरची शिवी ही आपल्याकडची नेहमीची बोली म्हणून पुढे केली. दोघांनाही समोरच्याची शिवी टोचत होती आणि स्वतःची नुसती सवय वाटत होती.

हे भांडण त्याहून जुनं आहे. 1932-33 च्या बॉडीलाइन मालिकेतला एक किस्सा इथे अजून सांगतात. खरा किती, खोटा किती, देव जाणे. इंग्लंडचा कर्णधार जार्डिन तक्रार घेऊन ऑस्ट्रेलियाच्या खोलीच्या दाराशी आला, की तुमच्यातल्या कुणीतरी मला बास्टर्ड म्हटलं. दारातला खेळाडू आत वळून ओरडला, "या बास्टर्डला बास्टर्ड कोण बास्टर्ड म्हणाला रे?" आमच्या बांधकामाच्या साइटवर हा किस्सा ऐकला तेव्हा मी हसले, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं, की पहिल्या वर्षी मी हसले नसते.

पहिल्या वर्षी मला सगळंच उलटं कळायचं. साइटवर सकाळी सहाला काम सुरू होतं, साडेनऊला 'स्मोको' म्हणजे चहाची सुट्टी. त्या साडेतीन तासांत जेवढे अपशब्द कानावर पडतात, तेवढे मी आपल्या गावात जत्रेतही ऐकले नव्हते. मला वाटायचं, हे लोक सतत भांडतायत. भांडण कुठे आहे हे कळायला सहा महिने गेले. ते असतं 'मेट' या शब्दात. पुस्तकात 'मेट' म्हणजे मित्र. पण क्रेनवाला आवाज खाली आणून, एकही वावगा शब्द न वापरता "लुक, मेट" म्हणाला, की समजायचं, आता खरं बिनसलंय. एका मुकादमाने मला सगळ्यांसमोर गोड आवाजात 'स्वीटहार्ट' म्हटलं होतं. त्या दिवशी मी घरी येऊन रडले. त्या शब्दाबद्दल कुणाला दंड होत नाही.

हो, दंड! शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यात सार्वजनिक जागी अपशब्द वापरल्याबद्दल पोलीस जागेवर दंड करू शकतात, आणि 2014 साली तो 150 वरून 500 डॉलर केला. आपले प्लंबर आजोबा तिथे राहत असते, तर एव्हाना घर विकावं लागलं असतं. पण याच देशाचे सरकारी लोक 2006 साली पर्यटनाची जाहिरात करतात, त्यात एक बाई जगाला विचारते, "व्हेअर द ब्लडी हेल आर यू?" ब्रिटनमध्ये ती टीव्हीवर दाखवायला आधी परवानगीच मिळाली नाही, तो 'ब्लडी' आडवा आला. तेव्हा त्या पर्यटन खात्याचे प्रमुख असलेले स्कॉट मॉरिसन पुढे पंतप्रधान झाले.

'ब्लडी' तुम्हाला वेगळा ऐकू येतो, हेही मला माहीत आहे. आपल्याकडे तो साहेबाचा शब्द, 'ब्लडी फूल', पुढे टेबलावर हात आपटायचा. इथे त्याला काहीच वजन उरलेलं नाही, आपल्या 'अगदी'सारखा झालाय. 'ब्लडी गुड' म्हणजे झकास. तुमच्यातल्या व्याकरणाच्या मास्तरांना आवडेल अशी एक गोष्ट सांगते. हे लोक तो शब्द दुसऱ्या शब्दाच्या पोटात घुसवतात. 'ॲब्सो-ब्लडी-लुटली.' तुंबारुंबा नावाचं एक गाव आहे, त्याचं होतं 'तुंबा-ब्लडी-रुंबा'. आणि कुठेही घुसवत नाहीत. ज्या अक्षरावर आघात असतो, त्याच्या बरोबर आधी. 'ॲब-ब्लडी-सोलुटली' असं कुणी चुकूनही म्हणत नाही. हा नियम त्यांना कुणी शिकवलेला नाही, शाळेत तर नाहीच.

आता माझ्या तोंडाबद्दल. इंग्लंडातल्या कील विद्यापीठात 2009 साली काही लोकांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं. अपशब्द म्हणत राहणाऱ्यांनी साधा शब्द म्हणणाऱ्यांपेक्षा हात जास्त वेळ ठेवला. पुढे असंही दिसलं, की ज्यांच्या तोंडी एरवीही शिव्या असतात, त्यांना हा फायदा कमी मिळतो. म्हणजे माझ्या साइटवरच्या लोकांनी आपलं औषध वाया घालवलंय.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. आई, लहानपणी मला काही लागलं की तोंडातून 'आई गं' यायचं. रविवारी तू समोर दिसत होतीस आणि माझ्या तोंडून दुसरंच काहीतरी आलं. तुला त्याचं वाईट वाटलं असेल, तर ते मला समजतं. शिवीबद्दल नव्हे. मला इंग्रजीत शिवी देताना काही वाटत नाही, कारण त्या शब्दांसाठी मला कुणी कधी मारलेलं नाही. ते मी मोठेपणी हेल्मेट आणि बुटांबरोबर उचललेत. मराठीत मला अजून साधं 'च्यायला' म्हणता येत नाही, आपोआप दाराकडे बघते. आणि तो चार अक्षरी शब्द, जो मी दिवसातून वीस वेळा म्हणते, तो तुम्हाला लिहिताना पेनाखाली येत नाही. आलाच नाहीये, बघा.

बाबा, तुम्ही मात्र विकेट पडली की 'आयला!' म्हणता. त्याची फोड करून दाखवू का?

आणि आई, तू तर बोलूच नकोस. तुझं माहेर लोणंदचं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरीच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून हातवारे करत एकमेकींना शिव्यांनी धुऊन काढतात, तो बोरीचा बार तू आजीच्या कडेवर बसून पाहिलायस. त्यातली एक शिवी आत्याच्या लग्नात तू मावशीच्या कानात सांगितली होतीस आणि दोघी भिंतीला टेकून हसत होतात. मी पलंगाखाली होते.

एकदा, फक्त एकदा, सिग्नलला थांबले असताना शेजारच्या गाडीतून एकाने तोच साइटवरचा शब्द माझ्याकडे फेकला, पुढे 'तुझ्या देशात जा' जोडून. शब्दात काडीचा फरक नव्हता. पण काच वर केल्यावरही हात थरथरत होते. फरक कसा कळतो असं तुम्ही विचाराल, तर पोटात कळतो, एवढंच सांगता येईल.

काल कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना प्लंबर आजोबा भेटले. पुरणपोळीची आठवण काढली आणि विचारलं, "हाऊज द ओल्ड बास्टर्ड?" मी म्हटलं, बरे आहेत, पण बीपीची गोळी विसरतात. तर म्हणाले, "टेल हिम टू टेक द ब्लडी पिल."

तेव्हा बाबा, गोळी घ्या. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का, ते कळवा.

तुमची,
छकुली