पंधरा रुपयांचा हिशेब

आदरणीय सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर महिनाभर तुम्ही माझ्याशी बोलणार नाही. माझंही लिहीत नाही, दारू सोडणाऱ्यांच्या मिटिंगमधली नाव न सांगायची शिस्त तुम्हीच लावलीत.

येत्या आषाढी एकादशीला मला दारू सोडून तीन वर्षं होतील. तुमच्यासमोर बोलायला गेले की माझा घसा दाटतो आणि तुम्ही विषय बदलून कांदे किती आणायचे ते विचारता. म्हणून हे उघड पत्र.

आमच्या घरात तीन पिढ्या माळकरी. माळ घातली की दारू-मटण बंद, हे मला बाराखडीच्या आधीपासून पाठ. त्याच घरातली मी लेक खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत व्हिस्की भरून ऑफिसला न्यायचे. डिटॉक्स दोनदा झालं. टर्कीत, म्हणजे दारू तुटल्यावरच्या त्रासात, हात इतके थरथरायचे की पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागे. सलाईन, थायमिनची इंजेक्शनं, आठवड्याभरात डिस्चार्ज. एका डॉक्टरांनी तर नवऱ्यासमोरच विचारलं, ‘बाईमाणूस असून?’ पुरुषाला हे कुणी विचारत नाही. घरी आले की तेच कपाट, तीच खिडकी. दारू अंगातून आठवड्यात उतरते हो, पण दुपारी चार वाजता काय करायचं ते कुणीच सांगत नव्हतं.

तुम्ही सांगितलंत. चार वाजता भाजी निवडायची.

वसईच्या त्या कौलारू घरात, तुमच्या व्यसनमुक्ती केंद्रात, आम्ही सात जणी होतो. चर्चला यायची सक्ती नव्हती, वालाच्या शेंगा सोलायची मात्र होती. पहिल्या रात्री मी बाबांची तुळशीची माळ उशीखाली लपवली होती. हे ख्रिस्ती लोकांचं घर, काय म्हणतील? सकाळी चादर बदलताना ती तुमच्या हाताला लागली. तुम्ही काही न बोलता हातोडी आणलीत, क्रूस होता त्याच भिंतीवर खिळा ठोकलात आणि माळ अडकवलीत. ‘उशीखाली तुटेल ती,’ एवढंच म्हणालात.

पुढे ए. ए.च्या, म्हणजे ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या, बारा पायऱ्या वाचताना तिसऱ्या पायरीशी मी अडले. स्वतःला ईश्वराच्या हवाली करायचं, पण कुठल्या? तुम्ही पुस्तकातल्या शब्दांवर बोट ठेवलंत: ज्या रूपात आपण त्याला जाणतो. ए. ए. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झाली, त्यातला एक डॉक्टर, हेही तुम्हीच सांगितलंत. मी विठोबा धरला. तुमची हरकत नव्हती, आणि विठोबाचीही नसावी.

शेंगा सोलता सोलता तुम्ही खूप सांगायचात. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर ज्यो परेरांनी 1981 साली ‘कृपा’ ही व्यसनमुक्तीची संस्था कशी सुरू केली, 1986 मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र कसं आलं. आणि मग जरा तिखट सुरात, की तिथे बायकांसाठी स्वतंत्र ‘निशिगंध’ व्हायला 2009 उजाडलं. पिणाऱ्या बायका आधी नव्हत्या का? होत्या. मोरीत, माळ्यावर, पदराआड होत्या. नवरा केंद्रात असला की बायको डबा घेऊन भेटीला येते. आमच्या भेटीच्या रविवारी व्हरांड्यातल्या खुर्च्या बहुतेक रिकाम्याच असत. माझ्याकडे फक्त आई यायची, तीही शेजाऱ्यांना देवदर्शनाला जाते म्हणून सांगून.

पण मला आभार मानायचे आहेत ते एक्केचाळिसाव्या दिवसाचे. तुम्ही पाचशेची नोट आणि कापडी पिशवी हातात दिलीत आणि म्हणालात, ‘बाजार करून ये.’ एकटीने. वाटेत देशी दारूचं दुकान आहे हे तुम्हाला माहीत होतं. दुकानासमोर मी थांबले, सिस्टर. किती वेळ ते आठवत नाही. समोरच्या गाडीवर वडापाव तळत होते, तो घेतला आणि उभ्याउभ्या खाल्ला. तोंड भाजलं. परत येऊन हिशेब दिला तर पंधरा रुपये कमी. मला रडू फुटलं, कारण माझ्या घरी पाच रुपयांचाही हिशेब माझ्याकडून कुणी खरा मानत नव्हतं. तुम्ही चष्मा लावलात, वही उघडलीत आणि लिहिलंत: वांगी, मेथी, सुकेळी, वडापाव 15. खाली रेघ मारून बेरीज केलीत. तोंडाचा वास घेतला नाहीत.

सात जणींपैकी दोघींची नंतर स्लिप झाली, दारू पुन्हा सुरू झाली. एक परत आली, एक नाही आली. तिच्या पलंगावरची चादर तुम्ही दर शनिवारी बदलत होतात, हे मी पाहिलंय.

दर गुरुवारी तुमच्यासोबत नालासोपाऱ्याच्या वस्तीत जाते, तिथेही हेच शिकले. तुम्ही ओट्यावर बसता, व्यसनाचं नावही काढत नाही. ‘झोप लागते का गं रात्री?’ एवढं विचारता. तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी कुणीतरी दार लोटून घेते आणि बोलायला लागते. मला सुरुवातीला वाटायचं, किती वेळ वाया घालवतात या. आता मीच त्या ओट्यावर गप्प बसायला शिकतेय. जमत नाही अजून, मध्येच सल्ला देऊन बसते.

गुडघ्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी तुम्हाला महिनाभर जिने चढायला मनाई केलीय असं कळलं. या गुरुवारी मी जाते, सोबत केंद्रातल्या धाकटीला नेते. तिला दारू सोडून पंचवीसच दिवस झालेत, पण बोलते कमी, ते बरंच आहे. पिशवी दारामागच्या खुंटीलाच आहे ना?

तुमची,
कोपऱ्यातल्या पलंगावरची