लोणारच्या विवरात बाबांसोबत उतरलेल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

निघताना नाव विचारलं तर "राहू द्या ना ताई, नावाचं काय घेऊन बसल्या" म्हणून तुम्ही विषय बदललात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. लोणार, सुलतानपूर, मेहकर भागातलं कुणीतरी वाचेल आणि तुम्हाला ओळखेल.

आमचं गाव रिसोड तालुक्यात, म्हणजे लोणार शेजारचंच. दैत्यसूदनाच्या देवळात बाबा कितीदा जाऊन आले, पण विवराच्या तळाशी, पाण्यापर्यंत, कधी उतरले नव्हते. शेतीतून सवड मिळाली तोवर वय 78 झालं, गुडघे गेले, थोडं चाललं की धाप लागू लागली. फागुनात पळस फुलला की एकदा ते पाणी हाताने शिवून बघायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"त्या खड्ड्यात काय ठेवलं आहे?" असं घरचेच म्हणाले. मागच्या खेपेला पैसे ठरवून सोबत घेतलेल्या माणसाने काठावर उभं केलं, "म्हाताऱ्या माणसाचं काम नाही हे" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. त्या दिवशीही तुम्ही भेटण्याआधी पायऱ्यांवर बाबांचा तोल गेला, तेव्हा हात देण्याऐवजी एका पोराने मोबाइल समोर धरला. त्याचा राग अजून उतरलेला नाही.

तुम्ही झऱ्याच्या धारेवर बाटली भरत होतात. कोण, कुठले, काही न विचारता बाबांच्या बाजूने चालू लागलात.

भाऊ, मला खरं लिहायचं आहे ते पुढचं. थकलात का, बसता का, असं तुम्ही बाबांना एकदाही विचारलं नाही. थोडं उतरलं की तुम्हीच एखाद्या दगडावर टेकायचे आणि म्हणायचे, "थांबा बाबाजी, मले दम लागला." तिशीतला धडधाकट गडी, तुम्हाला कसला दम! आणि बाबा दर वेळी "बस बापू, घाई नाही काही" म्हणत तुमच्या शेजारी बसायचे. घरात आम्ही सगळे उठता-बसता त्यांना सांभाळतो. त्या उतारावर ते कुणाला तरी सांभाळत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो जुना रुबाब मी फार दिवसांनी पाहिला.

त्या बसण्या-उठण्यात बाबांनी सगळं मनसोक्त बघितलं. एकही पान नसलेला, केशरी फुलांनी लगडलेला पळस आणि त्यावर भांडणाऱ्या साळुंक्या. काटेसावरीची मांसल लाल फुलं वाटेवर पडली होती, त्यातलं एक उचलून त्यांनी टोपीत ठेवलं. काळ्या खडकावर हात फिरवून म्हणाले, "आपल्या वावरात कुदळीले लागते तो हाच." बरोबरच होतं त्यांचं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा तोच बेसॉल्ट, फक्त इथे उल्केने आदळून 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर पाडलं.

खाली पोचलो तेव्हा वारा सुटला. वरून तवंगासारखं स्थिर दिसणारं हिरवं पाणी हलू लागलं, बारीक लाटा खडकांवर येऊन फुटत होत्या आणि काठाला पांढरा फेस साचत होता. बाबांनी बोटं बुडवून चोळली. "साबण लावल्यावानी लागते रे!" पाणी अल्कधर्मी आहे ना, म्हणून. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झालं होतं, तेव्हा बाबांनी ते टीव्हीवर पाहिलं होतं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आला होता. "खरंच झालतं का?" असं त्यांनी विचारलं, आणि तुम्ही ते दिवस असे सांगितलेत की बाबा लाटांकडे बघायचं सोडून तुमच्याकडेच बघत राहिले.

तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि बाबांचा चेहरा उतरला. गहू उभा होता, गारपिटीची धास्ती. तुम्ही वर बघून सांगितलंत, "वाऱ्याचं आभाळ हाये बाबाजी, थांबत नाही." खरंच पांगलं. तिथून उठायची घाई तुम्ही केली नाहीत, म्हणून त्यांना कमळजा देवीच्या दिशेने हात जोडून निवांत बसता आलं. झाडीत मोर ओरडत होते.

माणुसकी आटली असं आपल्या भागात रोज ऐकायला मिळतं. मीही म्हणायचे. आता कुणी म्हटलं की मी तुमचा दम सांगते. मदत करणारे भेटतात, पण ज्याला मदत करतो त्याचा मान राखून करणारे फार थोडे असतात. तुम्हाला हे कुणी शिकवलं असेल, त्या माउलीलाही माझा नमस्कार सांगा.

चढतानाही तुम्ही तितक्याच वेळा थकलात. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "तो पोरगा थकला नव्हता, मले समजत होतं. पण बोललो असतो तर त्याले वाईट वाटलं असतं."

तूर चांगली झाली आहे यंदा. डाळ भरडून तुमच्या वाट्याची वेगळी बांधून ठेवली आहे. रिसोडला उतरून फोन करा, घ्यायला येते. बाबा रोज विचारतात.

तुमची ताई