मनगट्या घट्ट झाल्या, तेव्हाच कळायला हवे होते

महोदय,

'ड जीवनसत्त्वाच्या अभावी कोणता रोग होतो?' याचे 'मुडदूस' हे उत्तर मी शाळेत लिहिले, पुढे मुलांकडूनही पाठ करून घेतले. तोच मुडदूस घरात आला तेव्हा ओळखता आला नाही. मुडदूस म्हणजे हाडांचा सापळा झालेले मूल, अशी माझी समजूत. आमचा नातू तर गुटगुटीत. मनगट्या घट्ट होऊ लागल्या तेव्हा 'बाळसं धरलंय' म्हणून आम्ही कौतुकच केले. दीड वर्षाचा झाला तरी धरूनच उभा राहायचा, आणि उभा राहिला की पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. शेजारणी म्हणाल्या, "कडेवर फार घेता, म्हणून फेंगडा झालाय. मालिश करा." मी केली. चार महिने केली.

उलगडा झाला तो मनगटाच्या एक्स-रेने. वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चा असते. तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरले की ती टणक होते. ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेले कॅल्शियम आतड्यात पुरेसे शोषलेच जात नाही. कूर्चा वाढत राहते, पण मऊच. मग मनगटे रुंद होतात, फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी येतात, टाळू भरायला आणि दात यायला उशीर होतो, अंगाचा भार पडला की पाय वाकतात. आम्ही बाळसे समजलो ते हे होते.

नाशिकमध्ये उन्हाचा काय तुटवडा, असे मीही डॉक्टरांना विचारले. रोज सकाळी सातला आम्ही बाळाला कोवळे ऊन द्यायचो, थंडीत गॅलरीच्या काचेआड. पण तेव्हा सूर्य खाली असतो, ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण जमिनीपर्यंत फारसे पोहोचत नाहीत, आणि काच तर ते अडवतेच. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, तेव्हाचे ऊन या कामाचे. तान्ह्याला त्या उन्हात कोण ठेवणार? म्हणूनच बालरोगतज्ज्ञ पहिले वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगतात. आईच्या दुधाला तोड नाही, पण हे एक जीवनसत्त्व त्यात फार थोडे असते. थेंबांची बाटली आम्हालाही लिहून दिली होती. "अंगावर पितोय, वरचं कशाला?" म्हणून ती मीच बंद करायला लावली. सुनेचा यात काही दोष नाही, हे मुद्दाम लिहिते.

पेठ-सुरगाण्याची नाचणी जरूर द्यावी; १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मात्र ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवेच. ते मनाने जास्तही देऊ नये, मूत्रपिंडाला इजा होते. दोन वर्षांपर्यंत पायांना थोडा बाक नैसर्गिकही असतो. तो कोणता, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

नातू आता चालतो, बाकही ओसरतो आहे. अंगणवाडीत मुलांचे वजन होते, आणि वजनकाट्यावर आमचा नातू कायम उत्तम होता. तिथेच मुलाला उभे करून पाय आणि मनगटे पाहण्याची सूचना प्रशासनाने द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक आजी, सिडको, नाशिक